पाणरेघेच्या वर

शनिवारी दुपारी थोरल्याने चष्म्याचं दुकान वेळेआधीच बंद केलं. वाचायचा चष्मा न्यायला आलेल्या एका बाईंना त्याने चक्क सोमवारी या म्हणून सांगितलं आणि त्या रस्त्याला लागायच्या आत शटर ओढलं. काखेत त्याने काचा पुसायच्या मऊ फडक्यांत गुंडाळलेली एक वस्तू धरली होती, तान्ह्या मुलाला धरावं तशी.

ती एका छोट्या बोटीची डोलकाठी होती. दुकानात गिऱ्हाईक नसे तेव्हा तो ती करत बसे. मोडक्या चष्म्यांच्या दांड्या त्याने सारख्या कापल्या, एकावर एक आडव्या-तिरक्या रचल्या, प्रत्येक सांध्याला डाख दिला आणि वर जात निमुळता होणारा एक जाळीदार मनोरा उभा केला. टोकाला रडार होतं. ते नुसतं दिसायला नव्हतं, फिरायचं. टेबलावरच्या जुन्या घड्याळाचं यंत्र त्याने त्याच्या पोटात बसवलं होतं.

वाटेभर त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. त्याचे वडील, अण्णा, डोलकाठी हातात घेतील, चष्मा कपाळावर चढवतील, एकेका सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवतील आणि म्हणतील... पुढे अण्णा काय म्हणतील ते मात्र त्याला जुळवता येईना. तसं काही अण्णांनी आजवर म्हटलेलंच नव्हतं.

अण्णांचं सगळं आयुष्य गोदीतल्या वर्कशॉपात लेथवर गेलं. जहाजांचे पंखे ज्या दांड्यांवर फिरतात ते दांडे ते कातायचे. आई गेल्यावर त्यांनी घरामागच्या खोलीतलं आपलं कामाचं टेबल झाकून ठेवलं होतं आणि ते आता कायमचंच झाकलं गेलं असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ते उघडलं थोरल्याच्या मुलीने. सारखी पेन्सिल कुरतडते म्हणून तिला घरात खारू म्हणत. तिने एक मोडकी रिमोटची गाडी आजोबांपुढे टाकली आणि विचारलं, "आजोबा, हिची बोट होईल का?"

अण्णा म्हणाले, "गाडीची बोट होत नाही. पण गाडीच्या पोटातलं सामान बोटीच्या पोटात घालता येतं."

तिथून सुरुवात झाली. पातळ लाकडी पट्ट्या वाफेवर वाकवून सांगाडा झाला. सायकलच्या चाकाचा आरा पितळी नळीत ग्रीस भरून बसवला, तो पंख्याचा दांडा झाला. पंखा पितळेच्या पत्र्याचा. गाडीची चाकं वळवणारं यंत्र आता सुकाणू वळवू लागलं. ज्या युद्धनौकेच्या दांड्यांवर अण्णांनी जवानीत काम केलं होतं तिच्यासारखीच दिसणारी, दीड हात लांबीची, वरून राखाडी, खालून लाल अशी बोट तयार झाली. दोन रंग जिथे भेटतात त्या काळ्या रेषेला अण्णा पाणरेघ म्हणत. बोट पाण्यात सोडली की पाणी बरोबर त्या रेघेशी आलं पाहिजे, ना वर ना खाली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बागेतल्या तळ्यावर वर्कशॉपातली निवृत्त मंडळी आपापल्या हाताने केलेल्या बोटी घेऊन जमणार होती. दर वर्षी जमत. अण्णा कित्येक वर्षांत गेले नव्हते. यंदा जाणार होते. पण त्यांच्या हाताला कंप सुटला होता, आणि रिमोटच्या दांड्या अगदी नाजूक. म्हणजे तळ्याच्या काठावर, सगळ्या जुन्या सोबत्यांसमोर, अण्णांच्या शेजारी उभं राहून बोट दुसऱ्या कोणीतरी चालवायची होती. कोणी, ते अण्णा बोलले नव्हते. थोरल्याने विचारलं नव्हतं. न विचारता मिळावं असं वाटणाऱ्या गोष्टी माणूस विचारत नाही.

घरी पोचला तेव्हा मागच्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता. त्यातला एक आवाज अण्णांचा होता.

दारात तो थबकला. टेबलाला घट्ट आवळलेल्या, वस्तू पकडून धरायच्या शेगड्याशेजारी जे स्टूल होतं, त्यावर जावई बसला होता. थोरल्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कवळ्या करायचा त्याचा धंदा. दंतवैद्य मापं पाठवत आणि हा त्यावरून दात घडवत असे. बोट टेबलावर होती आणि तिच्यावर तीन तोफा बसल्या होत्या. पुढे दोन, मागे एक. चकचकीत, गुळगुळीत, नळीचं तोंडसुद्धा आतून पोकळ.

"ये," अण्णा म्हणाले. "हे बघ जावईबापूंनी काय आणलंय. ओतीव काम आहे. एक बुडबुडा नाही कुठे."

"छान आहे," थोरला म्हणाला.

"नुसतं छान? वर्कशॉपात असं ओतणारा एक माणूस होता. तो गेल्यावर तसं काम बघितलं नव्हतं मी."

"दादा, बसा ना," जावई उठू लागला.

"बसा, बसा. मला कुठे बसायचंय," थोरला म्हणाला आणि उभाच राहिला. मग त्याने फडकी सोडली. डोलकाठी टेबलावर ठेवली आणि खालचं बटण दाबलं. रडार फिरू लागलं.

खारू टाळ्या पिटत म्हणाली, "बाबा, हे तुम्ही केलंत? फिरतंय ते."

अण्णांनी डोलकाठी उचलली. चष्मा कपाळावर चढवला. सांध्यावरून नख फिरवलं.

"इथे डाख जास्त झालाय," अण्णा म्हणाले. "बसव. दोन स्क्रू पुढे, दोन मागे. बोटीची वरची फळी चिरू देऊ नको."

थोरल्याने स्क्रू बसवले. चष्म्याचे स्क्रू आयुष्यभर पिळलेला माणूस तो, त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. पण त्या वेळात त्याच्या मनात एकच वाक्य फिरत होतं, रडारसारखं. एक बुडबुडा नाही कुठे.

*

स्वयंपाकघरात थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी, चहा गाळत होती आणि धाकटी ओट्याला टेकून उभी होती. धाकटी पोहायच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. दिवसभर ओरडून आवाज बसलेला आणि केसांना पाण्याचा औषधी वास.

"चांगला कप कशाला काढलास वहिनी? त्याला कुठल्याही कपात चालतो."

"तुमच्या नवऱ्याला चालतो हो. तुमच्या वडिलांना चालत नाही. मागे एकदा साध्या कपात दिला तर मला म्हणाले, जावईबापूंना कान तुटलेला कप दिलास? तुटलेला नव्हता, नुसता टवका गेला होता. माझ्या नवऱ्याला इतकी वर्षं त्याच कपात देते, तेव्हा टवका दिसला नाही कोणाला."

"तू मोजत बसतेस."

"मी नाही मोजत, वन्सं. मोजणारे आत बसलेत, बोटीपाशी." वहिनीने कप ताटलीत ठेवले. "दुकान बंद करून आलेत ते. महिनाभर घरात धड बोलले नाहीत. जेवताना हातात पक्कड. मी विचारलं, अहो, बाजारात मिळत असेल की असली डोलकाठी. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अण्णाच बाजारातून आणा म्हटलं."

धाकटी हसली. मग हसू आवरून म्हणाली, "आमच्याकडे काय वेगळं? कवळ्यांची कामं मागे ठेवून हा तोफा ओततोय. एक आजोबा बिनदाताचे बसलेत त्याच्या नावाने. मी म्हटलं, अरे, प्लास्टिकच्या कर, हलक्या होतील. तर म्हणतो, प्लास्टिकला वजन नसतं, हातात घेतल्यावर माणूस मान देत नाही."

"म्हणजे दोघं सारखेच."

"दोघं कुठे? तू तो झेंडा नाही का शिवलास? किती बारीक टाका घातलायस. उद्या तळ्यावर वारा नसला तरी तो फडकावा म्हणून आत तारसुद्धा घातलीस. मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

चहाच्या ताटलीवर वहिनीने बिस्किटं दोन जास्त ठेवली, आणि ती ठेवताना तिचा चेहरा जरा सैल झाला.

*

मागच्या अंगणात सिमेंटचा हौद होता. खारूने तो काठोकाठ भरून ठेवला होता. सगळे भोवती जमले. अण्णांना खुर्ची दिली.

बोट पाण्यात उतरवायचा अण्णांचा एक ठरलेला रिवाज होता. आधी पाणरेघ बघायची, मग हाताने हलकेच एका बाजूला कलंडवून सोडायची. चांगली बोट आपली आपण सरळ होते. लहान मूल पडून स्वतःच उठतं तशी. ती उठली की मगच पंखा सुरू करायचा.

खारूने बोट पाण्यात ठेवली. पाणी बरोबर रेघेशी आलं. राखाडी रंग, चकचकीत तोफा, फिरतं रडार, मागे झेंडा. ती खरोखर देखणी दिसत होती.

"उद्या बाकीच्यांनी आपापल्या बोटी पिशवीत घालून घरी जायचं," धाकटी म्हणाली.

"कलंडव," अण्णा म्हणाले.

खारूने डोलकाठीला हात लावून बोट जराशी कलती केली आणि सोडली. बोट कललेलीच राहिली. जणू काही विचारात पडली. मग उठायच्या ऐवजी आणखी कलली, आणखी, आणि डुबकन आडवी झाली. लाल पोट वर आलं. रडार पाण्याखाली गेलं.

खारूने दोन्ही हात घालून ती उचलली. फळीच्या सगळ्या फटी तिने चिकटपट्टीने बंद केल्या होत्या म्हणून आतलं यंत्र वाचलं.

"वारा आला का मध्येच?" वहिनी म्हणाली.

"हौदात कुठला वारा, वहिनी," धाकटी म्हणाली. "डोकं जड झालंय तिचं. माझ्याकडे नवीन पोरं येतात ना, बुडायच्या भीतीने मान वर काढतात. मान वर काढली की पाय खाली जातात आणि पोरगं उभ्याने बुडतं."

खारूने पेन्सिल तोंडातून काढली. "आजोबा, पोटात आणखी शिसं घालूया का?"

"घाल की. मग बोट सरळ राहील आणि पाणरेघेच्या खाली बसेल. लाटेबरोबर पाणी फळीवर येईल." अण्णा तिला समजावताना नेहमी हळू बोलत. "पोटात किती घालायचं ते बोटीच्या आकाराने आधीच ठरवलेलं असतं, बाळा. ते आपण घातलंय. आता जो काही गोंधळ आहे तो रेघेच्या वर आहे."

रेघेच्या वर. सगळ्यांनी बोटीकडे बघितलं. जे काही ज्याने कौतुकाने केलं होतं ते सगळं तिथेच होतं, जिथे दिसतं तिथे. बोटीच्या पोटात बाकी कोणी काही केलं नव्हतं. तिथलं काम अण्णांचं आणि खारूचं, आणि ते चिकटपट्टीखाली बंद.

वर्कशॉपात एक शिस्त होती आणि ती अण्णांनी घरातही चालवली होती. ज्याने जे बसवलं ते त्यानेच काढायचं. दुसऱ्याच्या कामाला पाना लावायचा नाही. त्यामुळे आता कोणी कोणाच्या वस्तूला हात लावेना.

अण्णा थोरल्याकडे वळले. "डोलकाठी काढ."

थोरल्याने ऐकलं, पण तो हलला नाही. "फक्त डोलकाठी?"

"काढ म्हटलं ना."

"तोफाही रेघेच्या वरच आहेत, अण्णा."

"मी तुला सांगतोय."

थोरल्याने खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. चारही स्क्रू सोडवले. ओली डोलकाठी हौदाच्या कट्ट्यावर ठेवली. रडार अजून फिरत होतं, पाण्याचे थेंब उडवत. त्याने बटण बंद केलं.

*

जावई हे सगळं बघत होता आणि त्याच्या छातीत काहीतरी टोचत होतं. ते काय ते त्याने कोणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते.

त्याला थोरल्याचा हेवा वाटत होता.

काढ म्हटलं ना. किती सहज म्हणाले. मागेपुढे न बघता, चारचौघांत. जावयाचे वडील तो चालायला लागायच्या आधीच गेले होते. काकांच्या घरी वाढला, आणि परक्या घरात वाढलेल्या मुलाशी सगळे गोडच बोलतात. लग्न झाल्यावर या घरात तो पहिल्यांदा आला तेव्हा अण्णा थोरल्यावर कशावरून तरी तापले होते. दाराची कडी उलटी बसवली होती की काय. चांगला अर्धा तास बोलले. धाकटीला लाज वाटत होती नवऱ्यासमोर. आणि हा दारात उभा राहून ऐकत होता, भूक लागलेल्याने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसा.

त्यानंतर तो दर शनिवारी यायला लागला. त्याला चांगला कप मिळाला. खुर्ची मिळाली. जावईबापू म्हणून हाक मिळाली. एकदा त्याने मुद्दाम कानस उलटी चालवली, अण्णा काही म्हणतात का बघायला. अण्णा म्हणाले, "राहू द्या, आपण कशाला त्रास घेता." आणि कानस काढून घेतली.

तोफा जड आहेत हे त्याला माहीत होतं. ओतल्या त्याच दिवशी कळलं होतं. दातांचा धातू, भरीव. कवळीचं प्लास्टिक वापरलं असतं तर बोटीला त्यांचा पत्ताही लागला नसता. पण अण्णांच्या तळहातावर ठेवल्यावर त्यांचा हात जरा खाली जावा, भुवया वर जाव्यात, असं त्याला हवं होतं. तसं झालंही.

"आता सोड," अण्णा म्हणाले.

खारूने डोलकाठीवाचून बोट पाण्यात ठेवली, कलंडवली, सोडली. या वेळी ती आडवी झाली नाही. पण उठायलाही तिने फार वेळ घेतला. सकाळी शाळेत जायचं नसलेल्या मुलासारखी. मग खारूने पंखा सुरू केला आणि सुकाणू वळवलं, तशी बोट वळणाच्या बाहेर अशी झुकली की फळीची कड पाण्याला लागली.

"चालेल," अण्णा म्हणाले. "उद्या वळताना जपून वळवू."

"आजोबा, नाही चालणार."

"खारू."

"तळ्यावर लाटा असतात. तुम्हीच म्हणालात, उठायला उशीर करते ती बोट चांगली नव्हे."

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये."

खारूने पेन्सिल पुन्हा तोंडात घातली. वहिनी झेंडा काढू लागली. त्याचं वजन ते किती, पण काढू लागली. तेव्हा जावई पुढे झाला. खुंट्यांवर घट्ट दाबून बसवलेल्या तिन्ही तोफा त्याने ओढून काढल्या आणि वहिनीला म्हणाला, "वहिनी, पीठ मोजायचा काटा द्या जरा."

काटा आला. त्याने आधी डोलकाठी ठेवली. काटा हलला आणि एका जागी थांबला. मग डोलकाठी काढून तोफा ठेवल्या. काटा ती जागा ओलांडून कितीतरी पुढे गेला.

सगळ्यांनी बघितलं. अण्णांनीही बघितलं, आणि मग हौदाच्या भिंतीकडे बघू लागले, जणू तिथे काही तडा गेलाय.

"राहू द्या, जावईबापू," ते म्हणाले. "चांगलं काम आहे. बसवा परत. काहीतरी करू."

थोरल्याने स्क्रूड्रायव्हर कट्ट्यावर आपटला.

"मला एका झटक्यात सांगितलंत काढ म्हणून," तो म्हणाला. "माझी हलकी निघाली तरी काढ. यांची जड निघाली तरी बसवा परत. यांना सांगायला तुमची जीभ का रेटत नाही?"

"दादा," धाकटी म्हणाली.

"तू थांब. आज बोलू दे मला. पन्नाशी आली माझी. डाख जास्त झालाय, एवढंच मिळालं मला. महिनाभराच्या कामाला एवढंच. आणि यांना बुडबुडा नाही कुठे. मी काय वाईट केलंय?"

अण्णा गोंधळले. त्यांना खरंच कळेना की मुलगा कशाने दुखावला. "अरे, तू घरचा आहेस," ते म्हणाले. "तुला काय सांगायचं असतं? चुकलं तर सांगायचं, नाही चुकलं तर कशाला बोलायचं? ते जावई आहेत. त्यांचं काम आपण काढायला लावायचं म्हणजे..."

"म्हणजे काय?" हे जावई म्हणाला.

त्याचा आवाज या घरात कधी वर गेला नव्हता. धाकटीने दचकून त्याच्याकडे बघितलं.

"अण्णा, इतकी वर्षं दर शनिवारी मी इथे येतो. पाहुणा असा येतो का? पाहुणा सणासुदीला येतो, जेवतो, जातो. माझ्या तोफेने बोट बुडाली तरी तुम्ही मला छान म्हणणार असाल तर मी करू कशाला? मला ठाऊक होतं त्या जड आहेत. ओततानाच ठाऊक होतं."

अण्णांनी सावकाश मान वर केली. "काय म्हणालात?"

"ठाऊक होतं."

"ठाऊक होतं आणि बसवल्या?"

"हो."

अण्णा खुर्चीतून उठले. कापऱ्या हाताने त्यांनी काट्यावरची एक तोफ उचलली, तळहातावर तोलली आणि त्याच्यासमोर धरली.

"हाताला कळलं होतं, आणि तरी बसवलीस?" ते म्हणाले. "मग ही चूक नाही. चूक मला चालते. ही लबाडी आहे. हे बघ. बघ म्हणतो ना, माझ्या तोंडाकडे नको, हिच्याकडे बघ. हिचं तोंड पोकळ केलंस ते लोकांना दिसावं म्हणून. पोट भरीव ठेवलंस ते मला वाटावं म्हणून. बोटीसाठी यात काय केलंस? या पोरीने रात्रंदिवस बसून पोटातलं वजन सुपारीएवढं सुपारीएवढं करून जमवलं, आणि तू वर पाटा-वरवंटा आणून ठेवलास. चमकायचंच असेल तर आरसा कर, तोफ करू नको. अक्कल दंतवैद्याकडे ठेवून आलास का?"

जावई मान खाली घालून उभा होता. कान लाल झाले होते. धाकटी पुढे यायला निघाली, पण वहिनीने तिचा दंड धरला. तिने त्याचा चेहरा बघितला होता. खाली झुकलेल्या त्या चेहऱ्यावर असं काही होतं की त्यात मध्ये पडू नये.

"आता बोल," अण्णा म्हणाले. "काय करायचं?"

"कवळीच्या प्लास्टिकच्या करतो. आत पोकळ. गाडीत डबा आहे, आत्ता सुरू केलं तर संध्याकाळपर्यंत वाळतील."

"रंग?"

"गुलाबी असतं ते. हिरडीचा रंग."

खारूला हसू फुटलं. "गुलाबी तोफा? शत्रू हसून मरेल."

"राखाडी रंग काय शोभेला आणलाय?" अण्णा तिला म्हणाले, आणि पुन्हा जावयाकडे वळले. "आत चल. माझ्यासमोर कर. तुझ्यावर सोडून चालणार नाही. आणि आधी कानस कशी धरतात ते शिक. तेव्हाच बघितलं होतं मी, उलटी चालवत होतास."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तोंड वर करून विचारू नको. चल."

आत जाता जाता अण्णांना काहीतरी आठवलं. ते दारातून मागे वळले. खारूच्या हातातला रिमोट त्यांनी घेतला आणि थोरल्याच्या हातात दिला.

"उद्या हे तू चालव. आत्ता हात बसवून घे. डोलकाठीच्या अर्ध्या दांड्या काढून टाक. आडव्या ठेव, तिरक्या काढ. रडार राहू दे. ते चांगलं फिरतं."

आणि ते आत गेले. खारू त्यांच्यामागे पळाली, गुलाबी तोफा बघायला. बायका कप उचलून स्वयंपाकघरात गेल्या.

*

थोरला हौदापाशी एकटा उरला. हातात रिमोट होता.

चांगलं फिरतं, असं म्हणाले होते. त्याने ऐकलं होतं. खोटं नव्हतं. महिनाभर ज्या वाक्याची वाट बघितली होती ते, किंवा त्याचं धाकटं भावंड, आत्ता या अंगणात बोललं गेलं होतं. आणि उद्या तळ्याच्या काठावर अण्णांच्या शेजारी तोच उभा राहणार होता. हवं होतं ते सगळं त्याच्या हातात होतं.

त्याने दांडी पुढे ढकलली. वरचं सगळं उतरलेली बोट हलक्या अंगाने निघाली. त्याने सुकाणू वळवलं. बोट जराशी झुकली आणि लगेच सरळ झाली. त्याने हौदाच्या कडेकडेने तिला एक अख्खी फेरी मारायला लावली. सुरेख वळली. चष्म्याच्या गोल काचेसारखी फेरी, कुठे टेंगूळ नाही.

"अण्णा, बघा," तो म्हणाला. फार मोठ्याने नाही.

आतून कानशीचा आवाज येत होता, आणि त्यावर अण्णांचा. "अरे, दाब पुढे जाताना. मागे येताना उचलायची. उचल. तुला सांगतोय ना. हात आहे की लाकूड?" मग जावयाचं काहीतरी पुटपुटणं, मग पुन्हा अण्णा, आणखी चढ्या आवाजात. अण्णांचा तो आवाज थोरल्याला पाठ होता. कडी उलटी बसली तेव्हाचा, सायकलची साखळी तुटली तेव्हाचा, दहावीच्या निकालाचा. आयुष्यभर तो त्या आवाजाला कंटाळला होता. तो आपला एकट्याचा आहे हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. धाकटीला तो कधी मिळाला नव्हता, खारूला तर नाहीच. आणि आता आत स्टुलावर बसून दुसरा कोणी तो ऐकत होता, आणि थोरल्याला नक्की माहीत होतं की तो मान खाली घालून हसतोय.

बोट दुसऱ्या फेरीवर निघाली होती. थोरल्याने तिच्याकडे बघितलं. मग आतल्या दाराकडे बघितलं. मग सुकाणूची दांडी सरळ केली, पंखा होता तेवढ्या जोरावर सोडला आणि बोटीचं नाक हौदाच्या सिमेंटच्या भिंतीवर नेऊन आदळलं.

ठण्ण आवाज झाला.

तो रिमोट धरून उभा राहिला. आत कानशीचा आवाज थांबला.

"कोण गाढव आहे रे तिकडे?" अण्णा ओरडले आणि त्यांच्या चपला दाराकडे वाजू लागल्या.